जनरल अ‍ॅनेस्थेशिया + नर्व्ह ब्लॉक: विमा कंपनीने ब्लॉकचे पैसे कापले, कुणाला अनुभव आहे का? (सोलापूर)

अक्कलकोट_रोड | १९ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय. विषय पैशाचा आहे पण नुसता पैशाचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचे वडील, वय ५८. एमआयडीसीत आमचे टॉवेलचे आठ लूम आहेत. नोव्हेंबरात बीम चढवताना उजवा खांदा असा काही ओढला गेला की हात खांद्याच्या वर जाईना, रात्री कूस बदलली की जाग यायची. एमआरआय केला, रोटेटर कफ, म्हणजे खांदा धरून ठेवणारे स्नायूबंध, फाटलेला निघाला. डिसेंबरच्या शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पूर्ण भूल, म्हणजे जनरल अ‍ॅनेस्थेशिया, आणि त्याच्या आधी मानेजवळ नसा बधिर करणारं एक इंजेक्शन, म्हणजे नर्व्ह ब्लॉक, त्याला ते इंटरस्केलीन ब्लॉक म्हणतात. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगतो.

डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेसची फायनल मंजुरी आली त्यात १४,८०० कापलेले. नर्व्ह ब्लॉक ८,५००, सोनोग्राफी गायडन्स २,०००, ब्लॉकची सुई १,६५०, बॉइल्स (भुलीचं मशीन) चार्जेस १,२००, कापूस गॉज टेप वगैरे १,४५०. ब्लॉकसमोर कारण एकच ओळ: अ‍ॅनेस्थेशिया चार्जेसमध्ये समाविष्ट, वेगळे देय नाही. अ‍ॅनेस्थेटिस्टची फी १४,००० मात्र पूर्ण दिली. काउंटरवर विचारलं तर म्हणे सगळ्यांचंच कापतात, भरा आणि न्या पेशंटला. भरले.

माझा प्रश्न असा की पूर्ण भूल दिलेली असताना ब्लॉक हा वेगळा उपचार धरायचा की भुलीचाच भाग? नियम नेमका काय आहे? पॉलिसीची ३६ पानं दोनदा वाचली, ब्लॉक हा शब्द कुठंच नाही.

सातरस्ता | १९ जानेवारी, रात्री १०:१५

सेम आमच्याकडे बे. भावाच्या वेळी ६,००० कापले होते, आम्ही काय वाचायलाच गेलो नाही, भरून टाकले. टीपीएवाले (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारे) नेमकं काय म्हणूलालेत ते मेलवर मागून घे आधी, तोंडी बोलण्याला काय अर्थ नाही.

क्लेम_डेस्क | १९ जानेवारी, रात्री ११:०२

मी आठ वर्षं टीपीएत क्लेम तपासायचं काम केलं, आता दुसरीकडे आहे. दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणून लिहितो.

तुम्हाला पॉलिसीत ब्लॉक शब्द सापडला नाही कारण आपल्याकडे तसा वेगळा नियमच नाही. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, ब्लॉक द्या किंवा देऊ नका असं कुठंच लिहिलेलं नाही. पॉलिसीत दोन जागा असतात. एक, सर्जन, अ‍ॅनेस्थेटिस्ट, कन्सल्टंट यांची फी. दुसरी, अ‍ॅनेस्थेशिया, रक्त, ऑक्सिजन, ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्जेस, औषधं. आरोग्य संजीवनी ही २०२० पासूनची सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी आहे, तिच्यातही हेच शब्द आहेत. ब्लॉक यातल्या कशात तरी बसतोच, त्यामुळे ब्लॉक कव्हरच नाही असं कुणी म्हणालं तर ते चूक. भांडण कव्हरचं नाहीच, वेगळी फी लावायची की नाही याचं आहे. या दोन गोष्टी लोक एकत्र करतात आणि पहिल्याच उत्तराला गप्प बसतात.

आता कापणारा माणूस काय बघतो ते सांगतो. आधी बघतो की हॉस्पिटल नेटवर्कमधलं आहे का आणि या ऑपरेशनचं पॅकेज ठरलेलं आहे का. पॅकेज असेल तर सर्जन, भूल, ओटी सगळं त्यात आलं, ब्लॉक वर लावता येत नाही. आणि हे नीट ऐका, पॅकेज ठरलेलं असताना तोच पैसा पेशंटकडून घेणं हेही बहुतेक करारांत बसत नाही. पॅकेज नसेल, ओपन बिल असेल, तर मग अ‍ॅनेस्थेटिस्टची फी आणि ब्लॉक मिळून एकूण आकडा वाजवी आहे का ते बघतात. पॉलिसीतलं वाजवी आणि रूढ शुल्क हे कलम वाचा, त्या भागात तशाच सेवेला जे घेतात तेवढं, असा त्याचा अर्थ. आणि मग कागद. ब्लॉक कशासाठी दिला, कुणी सांगितलं, किती वाजता, याचा कागद फाईलमध्ये नसेल तर कापणाऱ्याचा हात मोकळा. आमच्या टेबलवर दिवसाला ढिगाने फायली यायच्या, ज्या फाईलमध्ये ब्लॉकची नोट नाही त्या फाईलला भुलीचाच भाग हे कारण लावून पुढे जायचं हे ठरून गेलेलं होतं. मी पण लावलंय. त्याबद्दल आज वाईट वाटतं.

तुमचं बिल पॅकेज होतं की ओपन?

अक्कलकोट_रोड | १९ जानेवारी, रात्री ११:२०

ओपन होतं. पान ३ वर एकेक आयटम लिहिलेला आहे.

क्लेम_डेस्क | १९ जानेवारी, रात्री ११:३१

मग तुमच्या हातात केस आहे. बॉइल्स आणि कापूस मात्र सोडा. २०१९ च्या सप्टेंबरात आयआरडीएआयने चार याद्या दिल्यात, तिसऱ्या यादीत बॉइल्स अ‍ॅपरेटस, कापूस, गॉज, सर्जिकल टेप, अ‍ॅप्रन, टूर्निकेट हे सगळं ऑपरेशनच्या चार्जेसमध्येच धरायचं असं लिहिलंय. म्हणजे विमा कंपनी वेगळं देणार नाही ते बरोबर, पण हॉस्पिटलने तरी वेगळं का लावावं? ते हॉस्पिटलला विचारा, विमा कंपनीला नाही. त्या तिसऱ्या यादीत नर्व्ह ब्लॉक नाही. चौथ्यात इन्फ्युजन पंप आहे, नसेजवळ बारीक नळी (कॅथेटर) ठेवून ज्यांना दोन-तीन दिवस औषध सोडतात त्यांना लागू पडेल, तुम्हाला नाही.

भूलतज्ज्ञ_ताई | २० जानेवारी, सकाळी ७:१०

मी भूलतज्ज्ञ आहे, सोलापुरात चार-पाच हॉस्पिटलला जाते. ड्युटीला निघायच्या आधी लिहितेय त्यामुळे तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

लोकांना वाटतं पूर्ण झोपवलंय तर अजून हाताला बधिर कशाला, डबल पैसे. असं नाहीये. पूर्ण भूल म्हणजे तुम्हाला कळत नाही, पण खांद्याच्या नसा मेंदूकडे दुखण्याचा निरोप पाठवतच असतात. तो वाटेतच अडवला की भुलीचा गॅस कमी लागतो, मॉर्फिन फेंटानिलसारखी औषधं कमी लागतात, उलट्या कमी, आणि मुख्य म्हणजे जाग आल्यावर खांदा शांत असतो. ही कल्पना जुनी आहे, अमेरिकेतले सर्जन जॉर्ज क्राइल यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की पूर्ण भूल असली तरी नसा वेगळ्या बधिर करा. खांद्याचं ऑपरेशन हे हाडाच्या ऑपरेशनांमधलं फार दुखणारं, पहिली रात्र तर विचारू नका.

ब्लॉक कसा देतात ते सांगते म्हणजे ८,५०० कशाचे ते कळेल. पेशंटची मान दुसऱ्या बाजूला वळवायची, सोनोग्राफीचा प्रोब गळ्याच्या बाजूला टेकवायचा आणि मानेतल्या दोन स्केलीन स्नायूंच्या फटीत नसांची मुळं शोधायची. पडद्यावर एकाखाली एक तीन काळे गोल दिसतात, आम्ही त्याला ट्रॅफिक लाइटच म्हणतो, अगदी आपल्या सातरस्त्याच्या सिग्नलसारखं उभं. सुई त्यांच्या शेजारी न्यायची, नसेत नाही, शेजारी. थोडं थोडं औषध सोडत, दर वेळी मागे ओढून रक्त येत नाही ना बघत. औषध रक्तवाहिनीत गेलं तर झटके येऊ शकतात, हृदय बिघडू शकतं, त्यासाठी २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन हाताशी ठेवावं लागतं. श्वासाला लागणाऱ्या छातीच्या पडद्याची नस तिथंच जवळ असते, ती पण काही तास बधिर होते, म्हणून दम्याच्या पेशंटला हा ब्लॉक द्यायच्या आधी दहा वेळा विचार करते. हे सगळं भूल द्यायच्या कामाहून वेगळं काम आहे, वेगळी जोखीम आहे, वेगळी संमती घ्यावी लागते.

आणि सोनोग्राफीचं बाहेरच्यांना माहीत नसतं. मशीन पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदवलेलं लागतं, १९९४ चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा, तो मानेवर प्रोब लावणाऱ्या भूलतज्ज्ञालाही लागू. मी माझं छोटं मशीन पिशवीत घालून या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरू शकत नाही. त्यामुळे जिथं नोंदवलेलं मशीन नाही तिथं आम्ही अजून नर्व्ह स्टिम्युलेटरवर काम करतो, सुईतून बारीक करंट देऊन स्नायू कसा फडफडतो ते बघून जागा ठरवायची. त्याची सुई वेगळी, इन्सुलेटेड, ती महाग पडते. तुमच्या बिलात सोनोग्राफी असली तरी १,६५० ची सुई अशीच असणार.

पण आमच्या लोकांचीही चूक सांगते. ब्लॉक देतो आणि चार्टवर नुसतं ब्लॉक गिव्हन लिहून मोकळे होतो. कुठली बाजू, किती वाजता, कुठलं औषध, किती मिली, कशासाठी, काही नाही. मग क्लेमवाल्याने कापलं की रागावतो. नोट लिहायला दोन मिनिटं लागतात.

शेंगाचटणी | २० जानेवारी, सकाळी ९:२५

मॅडम तुमची पोस्ट वाचून डोळ्यात पाणी आलं. माझ्या आईच्या वेळी (गुडघा बदलला, दीड वर्षापूर्वी, गाव सांगत नाही) काउंटरच्या माणसाने आम्हाला सांगितलं ब्लॉक इन्शुरन्समध्ये बसत नाही, सात हजार वेगळे लागतील, नको असेल तर इथं सही करा. आम्ही सही केली. आमच्याकडे त्या दिवशी सात हजार होते पण, तेच टोचतं, आम्ही म्हटलं कशाला, भूल तर आहेच. त्या रात्री आई पलंगाची पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरून होती, बोटं पांढरी पडली होती तिची, ओरडायची पण नाही कारण शेजारच्या पेशंटला त्रास नको. पहाटे चारला सिस्टरने इंजेक्शन दिलं तेव्हा जरा डोळा लागला. कुणीही आम्हाला हे सांगितलं नाही की हा ब्लॉक कशासाठी असतो. पैशाचा कागद पुढे केला फक्त.

भूलतज्ज्ञ_ताई | २० जानेवारी, दुपारी २:४८

ताई, यात तुमची चूक नाही. ब्लॉकचं सांगणं हे माझ्यासारख्यांचं काम होतं, काउंटरचं नव्हतंच.

गुडघ्याला आता मांडीच्या आतल्या बाजूला अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक देतात, त्यात मांडीची ताकद बरीचशी राहते आणि पेशंट त्याच दिवशी वॉकर घेऊन उभा राहू शकतो. पूर्वी फिमोरल द्यायचो त्यात पाय लटका पडायचा.

नवीपेठ७ | २० जानेवारी, दुपारी ४:०५

माझा अनुभव उलटा. भाऊ बाइकवरून पडला, हाताची दोन्ही हाडं मोडली, महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन झालं. एकच पॅकेज, त्यात भूल, औषधं, प्लेट सगळं आलं, आम्हाला ब्लॉकची वेगळी पावती काय असते तेच माहीत नाही. आणि त्याला पूर्ण भूल दिलीच नाही, नुसता हात बधिर करून केलं, तो गप्पा मारत होता आत. मग तिथं ब्लॉक हीच भूल झाली ना?

क्लेम_डेस्क | २० जानेवारी, संध्याकाळी ६:३०

नवीपेठ, बरोबर पकडलंत, सगळा मुद्दा तिथंच आहे. तुमच्या भावाला ब्लॉक हीच भूल होती, तिथं भूल आणि ब्लॉक असे दोन पैसे कुणी मागितले तर ते चूकच. अक्कलकोट रोडच्या वडिलांना ऑपरेशन पूर्ण भुलीत झालं आणि ब्लॉक नंतरच्या दुखण्यासाठी. दोन्हीकडे शब्द ब्लॉकच, पण काम वेगळं. आपल्याकडे हा फरक नियमात लिहिलेला नाही म्हणून गोंधळ.

कोडिंगवाली_पुणे | २० जानेवारी, रात्री ८:५५

मूळची सोलापूरची, जुळे सोलापुरात माहेर, पुण्यात मेडिकल कोडिंग (उपचारांना बिलासाठी ठरावीक नंबर लावायचं काम) करते, अमेरिकेच्या अ‍ॅनेस्थेशिया बिलांचंच काम. तिकडे हा फरक चक्क लिहून ठेवलाय म्हणून सांगते, तिकडचा नियम इकडे चालत नाही हे माहीत आहे पण विचार करायला उपयोगी पडेल.

तिकडे मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, त्याच्या एनसीसीआय नावाच्या बिलाच्या नियमात असं आहे की ब्लॉक हीच मुख्य भूल असेल तर वेगळं बिल नाही. पूर्ण भूल दिली आणि ब्लॉक फक्त ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी असेल, आणि सर्जनने तसं सांगितलेलं असेल, तर वेगळं बिल करता येतं, त्याला ५९ नंबरचा मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) लावतात. ब्लॉक ऑपरेशनच्या आधी दिला की नंतर याने फरक पडत नाही, कशासाठी दिला ते महत्त्वाचं. सर्जनची विनंती कागदावर दिसली पाहिजे, नाहीतर आम्ही कोडिंगवालेच ते बिल पुढे जाऊ देत नाही, परत पाठवतो. आणि तिकडे भुलीचे पैसे मिनिटांवर असतात, म्हणून पेशंटला झोपवायच्या आधी ब्लॉकला पंधरा मिनिटं गेली तर ती भुलीच्या वेळेत मोजायची नाहीत, दोन्हीकडून पैसे होतील ना. झोपवल्यावर दिला तर वजा करायची गरज नाही. इंटरस्केलीनचा कोड ६४४१५.

सोनोग्राफीचं सांगते. २०२२ पर्यंत तिकडे ब्लॉकचा वेगळा आणि सोनोग्राफी गायडन्सचा वेगळा कोड लागायचा. २०२३ पासून ६४४१५ आणि त्याच्या बरोबरच्या बऱ्याच ब्लॉकमध्ये सोनोग्राफी आतच धरली. त्यामुळे दादा, तुमच्या त्या २,००० वर फार जोर देऊ नका असं माझं प्रामाणिक मत, ब्लॉकच्या ८,५०० वर द्या.

अजून एक, तिकडे अफूवर्गी गोळ्यांच्या व्यसनाने इतकी माणसं गेली की त्यांनी नोपेन नावाचा कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून मेडिकेअर बाह्यरुग्ण ऑपरेशनांमध्ये काही ठरावीक बिगर-अफू दुखणंशामक औषधांचे आणि साधनांचे पैसे वेगळे देतं. दुखणं थांबवण्याला पैसे द्यायला हवेत एवढं तरी तिकडे कायद्याने मानलं, आपल्याकडे कापूस आणि ब्लॉक एकाच यादीत कापून येतात याचा मला संताप येतो.

सातरस्ता | २० जानेवारी, रात्री ९:३०

हे एक नंबर झालं. आता अण्णा तू फाईल काढ. हॉस्पिटलकडून इनडोअर पेपर माग, सगळे, नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही. लेखी अर्ज दिला की ७२ तासांत द्यावे लागतात, मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे तो.

अक्कलकोट_रोड | २३ जानेवारी, रात्री १०:१०

कागद मिळाले. दोन दिवस फेऱ्या झाल्या पण मिळाले. संमतीच्या कागदावर जनरल अ‍ॅनेस्थेशिया आणि इंटरस्केलीन ब्लॉक दोन्ही लिहिलेलं आहे. भुलीच्या चार्टवर ब्लॉक ८:४० ला, पूर्ण भूल ९:१० ला. औषध रोपिवाकेन. पण कशासाठी ते लिहिलेलं नाही. सर्जनना भेटलो, ते म्हणाले पत्र देतो, ऑपरेशनच्या तारखेचं करून देऊ का?

भूलतज्ज्ञ_ताई | २३ जानेवारी, रात्री १०:४४

नको! मागची तारीख टाकून अजिबात घेऊ नका. आजची तारीख टाकून खुलासा म्हणून पत्र चालतं, मागच्या तारखेचं पकडलं गेलं तर तुमचा खरा क्लेम खोटा ठरेल. आणि फाईलमध्ये नीट शोधा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा सर्जनचा राउंड बघा, ऑर्डर शीटवर. बरेचदा तिथं असतं.

अक्कलकोट_रोड | २३ जानेवारी, रात्री ११:५२

सापडलं मॅडम!! ऑर्डर शीटवर आदल्या संध्याकाळची नोंद, सर्जनच्याच अक्षरात, पोस्ट ऑप पेनसाठी ब्लॉक, अ‍ॅनेस्थेटिस्टशी बोललो. दीड ओळ. मी ते पान चार वेळा उलटलं होतं, अक्षरच लागत नव्हतं, बायकोने वाचलं.

क्लेम_डेस्क | २४ जानेवारी, सकाळी ८:२०

सोनं आहे ती दीड ओळ.

आता मेल कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला करा, टीपीएला कॉपी. टीपीए निर्णय घेत नाही, कंपनीच्या नावाने कळवतो फक्त. मेलमध्ये रडगाणं नको, तीन गोष्टी. ऑपरेशन पूर्ण भुलीत झालं, ब्लॉक नंतरच्या दुखण्यासाठी सर्जनच्या सांगण्यावरून दिला, ऑर्डर शीट आणि चार्ट जोडलाय. मग विचारा की कापताना पॉलिसीचं कुठलं कलम लावलं. २९ मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या मास्टर सर्क्युलरमध्ये आहे, क्लेम पूर्ण नाकारला किंवा थोडा जरी कापला तरी पॉलिसीच्या नेमक्या अटीचा उल्लेख करून कळवलं पाहिजे. तुम्हाला दिलेल्या ओळीत कलम नाही. हाच तुमचा मुख्य खिळा.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आयआरडीएआयचं बीमा भरोसा तक्रार पोर्टल, आणि त्यानंतर विमा लोकपाल. सोलापूर पुण्याच्या लोकपालाकडे येतं. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं, कंपनीने महिनाभर उत्तरच दिलं नाही तरी जाता येतं.

होटगीकर | २४ जानेवारी, दुपारी १:१५

यात रूम रेंटचा काही संबंध येतो का? आमच्या काकांना ब्लॉक कापला नव्हता पण सगळीच फी कमी करून दिली होती, काही कळालं नाही.

क्लेम_डेस्क | २४ जानेवारी, दुपारी २:००

येतो, आणि जोरात येतो. पॉलिसीत दिवसाला ३,००० ची खोली आणि तुम्ही ४,५०० ची घेतली तर सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी सगळ्यांची फी दोन तृतीयांशच धरतात. ब्लॉकचे ८,५०० असतील तर ५,६६७ राहतात. पण औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, आयसीयूलाही नाही, आणि जे हॉस्पिटल खोलीप्रमाणे दर बदलतच नाही तिथंही नाही. २०२० पासून हे असं आहे. खांद्याचे ते अँकर, प्लेट, स्क्रू यांचे पैसे कमी करून दिले असतील तर काकांची फाईल पुन्हा उघडा.

नवीपेठ७ | २४ जानेवारी, संध्याकाळी ७:४०

अक्कलकोट, बाबांची तब्येत कशी आहे ते सांगितलंच नाही तुम्ही. त्या रात्री दुखलं का?

अक्कलकोट_रोड | २४ जानेवारी, रात्री ९:०५

नाही दुखलं. तेच तर सांगायचं होतं मला पहिल्या पोस्टमध्ये आणि राहून गेलं. ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी ते उठून बसले, डाव्या हाताने चहा घेतला. उजवा हात स्लिंगमध्ये असा पडलेला जसा दुसऱ्याचा कुणाचा आणून ठेवलाय, डाव्या हाताने बोटं चाचपून बघायचे आणि मला म्हणायचे अरे हा माझाच आहे ना. आवाज जरा बसला होता पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं तसं होतं म्हणून. पहाटे तीनच्या सुमाराला बोटांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा सिस्टरने लगेच गोळी दिली, ब्लॉक उतरायच्या आधी गोळ्या सुरू झाल्या पाहिजेत असं त्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं. दुखलं पण सोसवेल असं.

माझे वडील चाळीस वर्षं लूमच्या आवाजात उभे राहिलेले, दुखतंय असं कधी तोंडातून काढत नाहीत. यंदा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, काठ्यांच्या मिरवणुकीत चालता आलं नाही म्हणून दारात उभे राहून नुसते हात जोडत होते, एकच हात, छातीशी. त्यांना ती रात्र शांत मिळाली ती त्या इंजेक्शनमुळे, आणि कागदावर तिला समाविष्ट म्हणतात. मी ८,५०० साठी भांडत नाहीये, दोन महिन्यांत भरून निघतील. पुढच्या माणसाला काउंटरवरून नको म्हणायला लावू नये एवढ्यासाठी भांडतोय. मेल आज केला.

शेंगाचटणी | २४ जानेवारी, रात्री ९:३०

बरं केलंत दादा.

भूलतज्ज्ञ_ताई | २५ जानेवारी, सकाळी ६:५०

ब्लॉक उतरायच्या आधी गोळी, हे ज्यांच्या घरात ऑपरेशन आहे त्यांनी लिहून ठेवा. ब्लॉक उतरल्यावर दुखणं एकदम उसळून येतं, तेही नेमकं रात्री, आणि पेशंट म्हणतो ब्लॉक फसला. फसलेला नसतो, औषध संपलेलं असतं.

अक्कलकोट_रोड | ७ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

उत्तर आलं. ब्लॉकचे ८,५०० मंजूर, व्यावसायिक फी या सदराखाली. सुईचे १,६५० मंजूर. सोनोग्राफीचे २,००० नामंजूर, ब्लॉकच्या फीतच धरले म्हणून, कोडिंगवाली ताई म्हणाल्या तसंच झालं. ते मला पटलं, पुढे जाणार नाही. बॉइल्सचे १,२०० हॉस्पिटलने परत केले, ती यादी दाखवल्यावर अकाउंटवाल्यांनी वाद घातला नाही. कापसाचे राहिले, सोडून दिले.

सातरस्ता | ७ फेब्रुवारी, दुपारी ३:४१

वाह बे अण्णा!! ११,३५० परत आणलास.

जुळेसोलापूर_२ | ८ फेब्रुवारी, रात्री ८:२०

धागा आज वाचला. सोमवारी बहिणीच्या खांद्याचं ऑपरेशन आहे, कॅशलेस. ब्लॉक देणार म्हणालेत. आधीच काय करू?

क्लेम_डेस्क | ८ फेब्रुवारी, रात्री ८:५५

कॅशलेसच्या विनंती फॉर्मवर डॉक्टरांनी भरायच्या भागात सर्जन फी अधिक अ‍ॅनेस्थेटिस्ट फी अशी एकत्र ओळ असते. हॉस्पिटलला सांगा ब्लॉकची रक्कम त्या ओळीतच धरून अंदाज पाठवा, आणि उपचाराच्या वर्णनात जनरल अ‍ॅनेस्थेशिया, सोबत इंटरस्केलीन ब्लॉक ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी, असं लिहा. आधी विनंती गेली की कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं असतं, काय ते आधीच कळेल. पॅकेज आहे का ते पण विचारा. असेल तर वेगळे पैसे मागितल्यास लेखी द्या म्हणा.

भूलतज्ज्ञ_ताई | ८ फेब्रुवारी, रात्री ९:३०

आणि भूलतज्ज्ञांना भेटायला मागा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, पाच मिनिटं. दमा असेल, धाप लागत असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेव्हाच सांगा.

जुळेसोलापूर_२ | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

झालं काल. फॉर्मवर तुम्ही सांगितल्यासारखं लिहून घेतलं, काउंटरवर आधी म्हणाले एवढं कुणी लिहीत नाही, मी तिथंच उभी राहिले. मंजुरी आली, ब्लॉक अ‍ॅनेस्थेशियाच्या फीत धरून, वेगळा एक रुपया नाही. बहीण रात्री झोपली. आत्ता उठून विचारतेय की हात कधी जागा होणार.